पोक काढणारं मूल आणि पीटीचा तास

कोथरूडच्या एका आईंनी विचारलं आहे: मुलगा सहावीत आहे, वर्षभरात भराभर उंच झाला आणि तेव्हापासून पोक काढूनच बसतो, चालतो. ‘सरळ बस’ म्हणून सांगून त्या थकल्या. ऑनलाइन मिळतो तो पाठीचा पट्टा लावावा का? दप्तरामुळे झालं असेल का? आणि शाळेत आठवड्याला तीन पीटीचे तास असतात, त्यांचा यात काही उपयोग होतो का?

मी २६ वर्षं पुण्यात शारीरिक शिक्षण शिकवते. पहिले दोन प्रश्न लवकर संपतील. तिसऱ्यासाठी जरा बसावं लागेल. पण त्याआधी घरी एक गोष्ट बघून घ्या.

मुलाला शर्ट काढून, पाय जुळवून उभं करा. गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळवे एकमेकांना जोडून कमरेतून पुढे वाकायला सांगा, पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत. तुम्ही त्याच्या मागे बसा आणि पाठीच्या पातळीत नजर ठेवून बघा. दोन्ही बाजू सारख्या दिसतात का, की एका बाजूच्या बरगड्या किंवा कंबर वर आलेली दिसते? मग बाजूला येऊन बघा. पाठीची गोलाई सलग आहे, की एका जागी टोक काढल्यासारखी? शेवटी त्याला पालथं झोपवा आणि हात न टेकता छाती उचलायला सांगा. बाक तिथं नाहीसा होत असेल तर तो सवयीचा आणि अशक्त स्नायूंचा आहे, व्यायामानं सुधारतो. पालथं असतानाही बाक तसाच कडक राहिला, किंवा वाकल्यावर एक बाजू वर दिसली, तर व्यायामाच्या भानगडीत न पडता आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायाला मुंग्या किंवा अशक्तपणा, पाठीबरोबर ताप, यांपैकी काहीही असेल तरी तेच.

हे मी इतक्या आग्रहानं सांगते त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचा उजवा खांदा वर दिसायचा. मी तिला कित्येक महिने सांगत राहिले, ‘दप्तर दोन्ही खांद्यांवर घे गं.’ स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी तिचं पोलकं शिवायला टाकलं, तेव्हा शिंप्यानं तिच्या आईला सांगितलं की मापं दोन्हीकडे सारखी येत नाहीत. क्ष-किरणात मणक्याला बाजूचा बाक निघाला आणि डॉक्टरांनी तिला ब्रेस, म्हणजे पाठीला मापानं बनवलेला आधार, दिला. शिंप्याला दिसलं ते मला दिसलं नव्हतं, आणि मी तर रोज तिला मैदानावर बघत होते. तेव्हापासून दर जूनमध्ये आणि संक्रांतीनंतर, पाचवी ते नववीच्या प्रत्येक मुलाची वाकण्याची ही तपासणी मी करते. मुलींची बंद खोलीत, पालकांना आधी कळवून, बाईंनीच करायची. बाजूचा बाक किशोरवयात शंभरात दोन-तीन मुलांना असतो. त्यातला बराचसा सौम्यच राहतो, पण वाढतो तो जास्त करून मुलींमध्ये आणि उंची वाढण्याच्या त्या दोन-तीन वर्षांतच. म्हणून लवकर दिसायला हवा. तो दप्तरानं होत नाही आणि ‘सरळ उभी राहा’ म्हणून जातही नाही.

आता पट्टा. दुकानातला लवचीक पट्टा खांदे मागे ओढतो, म्हणजे जे काम पाठीच्या स्नायूंनी करायचं ते पट्टा करतो. काढला की खांदे पुन्हा पुढे. अकरा वर्षांच्या मुलाला तो लावून वर्गात पाठवू नका, मुलं चिडवतील ते वेगळंच. मात्र डॉक्टरांनी बाकासाठी मापानं करून दिलेला ब्रेस ही पूर्ण निराळी गोष्ट आहे. तो कुणाच्याही सांगण्यावरून, अगदी माझ्याही, काढायचा नाही.

दप्तराला मी फार दोष देत नाही. शासनाचा नियम मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांचा आहे, म्हणजे ३५ किलोच्या मुलाला साडेतीन किलो, आणि तो पाळला गेलाच पाहिजे. पट्टे आखडून दप्तर पाठीला चिकटवा, ढुंगणावर आपटत राहू देऊ नका. पण पुण्यातलं बरंचसं दप्तर रिक्षाकाकांच्या टपावर आणि स्कूटरच्या पायाशीच प्रवास करतं. मुलाच्या पाठीवर ते दिवसात मोजकी मिनिटं असतं. बाकावर, सोफ्यावर आणि मोबाइलवर जाणारे तास त्याहून कितीतरी मोठे आहेत.

‘सरळ बस’ का चालत नाही, तेही बघा. पाण्यानं भरलेली कळशी कमरेवर घेतली की गल्लीच्या टोकापर्यंत नेता येते. तीच हात लांब करून धरा, दहा पावलांत खांदा भरून येतो. डोकं हे तसंच ओझं आहे. ते मानेच्या वर तोललेलं असेल तर स्नायूंना काम थोडं, आणि वहीकडे पुढे झुकलेलं असेल तर मानेचे आणि पाठीच्या वरच्या भागाचे स्नायू सतत ताणलेले. तुमचा मुलगा तुमचं ऐकतो, ताठ होतो, आणि मिनिटाभरात पुन्हा खाली येतो. तो हट्टी नाही आणि आळशीही नाही. तेवढा वेळ धरून ठेवण्याची ताकद त्याच्या पाठीत अजून आलेली नाही, इतकंच. वर्षभरात उंची वाढली, पण ती उंची तोलणारा दम त्या वेगानं वाढलेला नाही. पाठीत धपाटा घालून दम येत नाही.

आणि तो दम आणण्याची जागा पीटीचा तास आहे. मुलं आठवड्याला तीन वेळा, व्यायामासाठीच म्हणून, एका शिक्षकाच्या नजरेखाली येतात अशी दुसरी जागा मुलांच्या आयुष्यात उरलेली नाही. म्हणूनच परीक्षा जवळ आली की हा तास गणिताला किंवा विज्ञानाला ‘द्यायला’ सांगतात, तेव्हा मला राग येतो. मी आयुष्यभर हे सोसलं आहे आणि प्रत्येक वेळी भांडलेही आहे.

पण आमच्या बाजूचीही एक चूक सांगायला हवी. पिढ्यान् पिढ्या आम्ही पोश्चर म्हणजे ‘सावधान’ असं शिकवलं. छाती बाहेर, पोट आत, गुडघे कडक, नजर समोर. परिपाठाला पंधरा मिनिटं तसं उभं केलं की एखादं मूल भोवळ येऊन पडतं. पडतं ते बहुतेक वेळा उपाशीपोटी आलेलं असतं आणि त्यानं गुडघे आवळून धरलेले असतात. सावधान ही कवायतीतली स्थिती आहे, काही क्षणांची. छाती फुगवून उभं राहिलं की कंबर आत जाते, श्वास अडकतो, आणि ‘विश्राम’ म्हटल्याबरोबर सगळा डोलारा कोसळतो. मी मुलांना सांगते, डोक्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी दोरा बांधून वर ओढतंय असं समजा, बाकी सगळं सैल सोडा. गुडघे कुलूप लावल्यासारखे नकोत.

हे दाखवायला माझ्याकडे एक साधन आहे. रविवार पेठेत बोहरी आळीतून आणलेला गवंड्याचा ओळंबा, म्हणजे टोकाला वजन लावलेली दोरी. मैदानाच्या कडेच्या आंब्याच्या फांदीला तो बांधते आणि मुलांना जोडीनं उभं करते. एक मूल दोरीशेजारी बाजूनं उभं राहतं, पायाचा घोटा दोरीच्या जरा मागे. दुसरं बघतं आणि सांगतं: गुडघा, कंबरेचा सांधा, खांद्याचं टोक, कान, यांतलं काय दोरीच्या पुढे गेलंय. गेल्या वर्षी एका मुलानं मित्राला सांगितलं, ‘तुझा कान दोरीच्या पुढे गेलाय रे, चार बोटं.’ त्या मित्रानं स्वतःच हनुवटी मागे घेतली, डबल चिन काढल्यासारखी, आणि म्हणाला, ‘आता?’ मी एक शब्द बोलले नव्हते. मूल स्वतःच्या शरीराकडे असं कुतूहलानं बघायला लागलं की माझं निम्मं काम झालं. ओरडून तेच काम होत नाही, कारण ओरडलं की मुलाला शरीराची लाज वाटते आणि लाजेनं खांदे आणखी आत येतात.

आता तास कसा घालवते ते सांगते. ३५ मिनिटांचा तास, त्यातली सात-आठ वर्गातून खाली येण्यात, रांगा आणि हजेरीत. उरलेल्यातली पहिली दहा मिनिटं पाठीसाठी, आणि ती वर्षभर चुकवायची नाहीत. पालथं झोपून हात कानाशेजारी, अंगठे वर, छाती आणि हात जमिनीपासून चार बोटं उचलून धरायचे. श्वास चालू. जूनमध्ये बरीचशी मुलं दहा सेकंदांत खाली येतात आणि हसायला लागतात. दर तासाला थोडा वेळ वाढवायचा. मग भुजंगासन, पण हातावर जोर न देता. मग उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं. मग फळी, म्हणजे प्लँक, कोपरांवर. पोट लोंबतं आहे असं दिसलं की लगेच थांबवायचं, कारण वाकडी फळी धरून काही मिळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सिंगल बारला लोंबकळणं. पुढे ओढल्या गेलेल्या खांद्यांना आणि छातीला त्याच्यासारखा ताण दुसऱ्या कशानं मिळत नाही, आणि मनगटं, पंजे मजबूत होतात ते वेगळं. आमच्या बारवर पाच मुलं एका वेळी लोंबकळतात, बाकीची मोठ्यानं आकडे मोजतात. ज्याला बार पकडता येत नाही त्यानं पाय टेकवून लोंबायचं.

उरलेला वेळ खेळाला. हा पोश्चरचा तास आहे असं मुलांना वाटता कामा नये. आपल्या मातीतले खेळ या कामाला फार सरस आहेत. लंगडीत एका पायावर सगळं धड तोलायचं असतं, त्यासाठी नितंबाच्या बाजूचे आणि पोटाचे स्नायू लागतात. नियम एकच, एकदा डावा पाय, एकदा उजवा, नाहीतर मुलं सोयीचाच पाय वापरतात. खो-खोचे नियम १९१४ च्या सुमारास इथल्याच डेक्कन जिमखान्यानं बसवले. त्यातलं चौकोनात उकिडवं बसणं आणि ‘खो’ मिळताच उसळून उठणं, या एका हालचालीत घोटा, गुडघा, कंबर आणि पाठ सगळी लागतात. आजच्या मुलांना टाच टेकवून उकिडवं बसताच येत नाही, मागे कलंडतात. कमोड आले, पाटावरचं जेवण गेलं, त्याचा हा परिणाम असावा असं मला वाटतं. मी त्यांना आधी खांबाला धरून उकिडवं बसायला लावते. मल्लखांब असेल तर सोन्याहून पिवळं. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा उभं केलं, आणि पोक काढून त्या खांबावर चढताच येत नाही.

सूर्यनमस्काराबद्दल मात्र थोडं बोलते, कारण रथसप्तमीला शाळांमध्ये आकड्यांची चढाओढ लागते. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घराघरांत नेले ते रोजच्या व्यायामासाठी. मुलं घाईनं नमस्कार घालतात तेव्हा भुजंगासनाच्या जागी खांदे कानाला लागतात आणि कंबर मोडल्यासारखी लोंबते. मला एका मुलाचे श्वासाबरोबर घातलेले सावकाश बारा हवेत.

पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, तेव्हा व्हरांड्यातली भिंत कामाला येते. टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे, ढुंगण, पाठ आणि डोकं भिंतीला, आणि दोन्ही हात भिंतीला घासत वर-खाली. सोपं वाटतं. करून बघा, खांद्याच्या पात्यांमध्ये कुठले स्नायू आहेत ते पहिल्यांदा कळेल. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात शिकवायला आले आणि भिंत, दोर, घडी घातलेलं घोंगडं अशा साध्या वस्तूंचा आधार घेऊन त्यांनी आसनं सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. त्यातली घडीची गोष्ट मी रोज वापरते. मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या मुलाला जमिनीवर मांडी घालून बसवलं की त्याची कंबर मागे ओढली जाते आणि पाठ गोल होते. तो कितीही ठरवो, सरळ बसू शकत नाही. ढुंगणाखाली सतरंजीची दोन-तीन बोटं जाड घडी सारा, पाठ आपोआप उभी राहते. आणि रोज पाय लांब करून त्या शिरा मोकळ्या करत राहा.

वर्गातल्या बसायच्या बाकांचंही तसंच. बऱ्याच शाळांत पाचवीपासून दहावीपर्यंत एकाच मापाचे बाक असतात. पाचवीतल्या मुलाचे पाय लोंबतात आणि दहावीतला मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बसतो. लोंबत्या पायांचं मूल पुढे सरकून वहीवर पडतं. आम्ही सुताराकडून उरलेल्या लाकडांच्या फळ्या मागून पायाखाली ठेवल्या, खर्च काही नाही. आणि मूल वहीला नाक लावूनच लिहीत असेल तर पाठीआधी डोळे तपासा. चष्मा लागला आणि पोक गेलं, अशी मुलं मी बघितली आहेत.

मुलींबद्दल वेगळं बोलायलाच हवं. सहावी-सातवीत शरीर बदलायला लागतं आणि हसरी, उड्या मारणारी मुलगी अचानक दप्तर छातीशी धरून, खांदे आत घेऊन चालायला लागते. तिला व्यायामाच्या आधी मापाचे, नीट बसणारे आतले कपडे लागतात आणि कुणीतरी विश्वासानं बोलायला लागतं. मैदानावर मुलग्यांनी एक शब्द वावगा काढला तर मी तास थांबवते. उंच मुलांचंही थोडंफार असंच होतं. मित्रांच्या उंचीला यायला ती वाकतात. तुमच्या मुलात हे असू शकतं, तेव्हा ‘किती ताडमाड वाढलाय’ असं पाहुण्यांसमोर म्हणणं आधी बंद करा. बास्केटबॉल किंवा व्हॉलीबॉलच्या मैदानावर नेलं की त्याच उंचीचं त्याला कौतुक वाटायला लागेल.

पुण्यातल्या पालकांसाठी अजून एक. जुलैपासून ढोल पथकांचे सराव सुरू होतात आणि आठवी-नववीची मुलं हट्ट धरतात. त्यांच्या उत्साहाचं मला मनापासून कौतुक आहे. पण कमरेला बांधलेला मोठा ढोल तोलायला मूल मागे झुकतं आणि कंबरेचा सगळा भार मणक्याच्या खालच्या टोकावर येतो, तोही तासन् तास. उंची वाढत असताना ताशा, झांज किंवा ध्वज घ्यावा. शाळेतलं लेझीम तर उत्तमच, त्यात बैठक आहे, वळणं आहेत आणि दोन्ही हात सारखे चालतात.

घरी तुम्ही काय करायचं ते थोडंच आहे. अभ्यासाला बसला की अर्ध्या-पाऊण तासानं त्याला कसल्यातरी कामाला उठवा, पाणी आणायला, गच्चीवरचे कपडे काढायला. एकाच जागी अगदी आदर्श स्थितीत तासभर बसण्यापेक्षा वेडंवाकडं बसून दर थोड्या वेळानं हलणारं मूल मला चालतं. पालथं पडून गोष्टीचं पुस्तक वाचत असेल तर ओरडू नका, थोडा वेळ ते पाठीला चांगलंच असतं. दाराच्या चौकटीत बार बसवा, मजबूत, आणि येता-जाता लोंबकळू द्या. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि त्यात आठवड्यातून तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारी. शाळेचे तीन तास मिळूनही ते भरत नाही. म्हणून रविवारी पर्वती चढा, १०३ पायऱ्या, आणि तो तुमच्या पुढे जाईल असा वेग ठेवा. ताटात डाळ, शेंगदाणे, अंडं चालत असेल तर अंडं. स्नायू हवेतून बनत नाहीत.

आणि शाळेत जा. पालक सभेत गणिताच्या गुणांबरोबर पीटीच्या शिक्षकांनाही भेटा, आम्हाला भेटायला फारसं कुणी येत नाही. त्यांना तीन गोष्टी विचारा: वर्षातून दोनदा वाकण्याची तपासणी होते का, तासाच्या सुरुवातीला पाठीचे व्यायाम घेता येतील का, आणि तीनही तास खरोखर मैदानावर होतात का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर मुख्याध्यापकांकडे चार पालक मिळून जा. एकट्या शिक्षकाचं ऐकलं जात नाही, पालकांचं जातं, हे मी अनुभवानं सांगते.

आत्ता त्याला भिंतीशी उभं करा: टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, ताणून धरायचं नाही. डोकं आणि भिंत यांत किती बोटं जातात ते मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. मधे रोज मोजू नका आणि त्याला आठवणही करू नका. व्यायाम नियमित झाला तर दोन-अडीच महिन्यांत फरक दिसायला लागतो. दसऱ्याच्या सुट्टीत त्याच भिंतीपाशी, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा मोजा.